डाव्या मागच्या दाराचं रबर

बारा वर्षांनी ते दार उघडलं, तेव्हा चौकटीच्या खोबणीत चार वस्तू सापडल्या. चार आण्यांचं एक नाणं, बोटाच्या पेराएवढा खडू, केसांतली एक पिन आणि शेंगदाण्याचं एक टरफल. पाचवी वस्तू मी त्या दिवशी मोजली नाही, कारण ती गाडीचाच भाग होती.

"घ्या बाई," रंगामामानं पहार भिंतीला टेकवत म्हटलं. "म्हशीनं लावलेलं दार माणसानं उघडलं."

जगदाळेबाई गॅरेजच्या स्टुलावर ताठ बसल्या होत्या. चौतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या बाई त्या, वय बहात्तर. त्यांनी हात पुढे करून खडू घेतला, चष्मा सारून पाहिला आणि पर्समध्ये टाकला.

"पिन मालूताईची," त्या म्हणाल्या. "बारा वर्षं मला म्हणते आहे, तुझ्या गाडीनं माझी पिन खाल्ली. रंगराव, ही म्हैस कुणाची होती हे कळलं का हो शेवटी?"

"मालकानं म्हशीला ओळखच दिली न्हाई," मामा म्हणाला. "वर म्हनत हुता, माझी असती तर गाडी बघून बुजली म्हनून तुमच्याकडनंच भरपाई घेतली असती."

गाडी एकोणीसशे सदुसष्टची. रंग फिकट पिस्ता, म्हणून बाईंच्या मैत्रिणी तिला 'पिस्ता' म्हणत. त्या चौघी निवृत्त शिक्षिका, दर मंगळवारी या गाडीतून कुठेतरी जायच्या. कधी जोतिबाला, कधी नृसिंहवाडीला, कधी नुसत्याच पन्हाळ्यावर पिठलं-भाकरी खायला. चालवायच्या बाई. दुसरी कुठलीही गाडी त्यांनी आयुष्यात चालवली नव्हती आणि आता शिकायची त्यांची तयारी नव्हती. म्हशीच्या धडकेनं डावं मागचं दार बसलं, तेव्हापासून मालूताई उजवीकडून चढून सरकत सरकत पलीकडे जायच्या. गाडी थांबवायचं कोणाच्या मनातही आलं नाही.

थांबवणारा आता निघाला होता. बाईंचा मुलगा विश्वजित, पुण्याला नोकरीत. गाडीच्या सगळ्या कडांतून पाणी आत यायचं, गालिचा कुजला होता, त्याच्या बुरशीनं बाईंना दिवाळीपासून खोकला लागला होता. विश्वजितनं हमरस्त्यावरच्या एका हॉटेलवाल्याशी बोलणं केलं. हॉटेलवाला जुनी गाडी दारात मांडणार होता, बॉनेट काढून आत झेंडूची रोपं लावून.

"झेंडू!" बाई म्हणाल्या. "निदान गुलाब तरी म्हणायचं."

बाईंनी मुलाशी करार केला होता. अकरा दिवसांनी, रविवारी, तो कोल्हापूरला येणार. स्वतः पाइप धरून गाडीवर दहा मिनिटं पाणी मारणार. आत एक थेंब जरी आला, तर सोमवारी हॉटेलचा टेम्पो. नाही आला, तर तो विषय पुन्हा काढणार नाही.

"एक थेंब," मामानं मान हलवली. "बाई, नव्या गाडीतसुदिक येतो की वो."

"मी सही केली आहे," बाई म्हणाल्या.

मी तेव्हा बावीस वर्षांची होते. रसायनशास्त्राची पदवी घेतली होती, पुढच्या प्रवेशात दोन गुणांनी नाव हुकलं होतं, आणि पुन्हा परीक्षा येईपर्यंत उद्यमनगरातल्या मामाच्या गॅरेजमध्ये बसत होते. काम म्हणजे फोन घेणं, गाड्यांचे नंबर लिहिणं. पण मला मोजल्याशिवाय चैन पडत नसे. त्या दुपारी मी शेजारच्या रबर मोल्डिंगच्या शेडमधून एक मीटर मागून आणलं. दिसायला खिशातल्या घड्याळासारखं, खाली बोथट टोचणी. रबरावर दाबलं की काटा कडकपणा सांगतो. खोडरबर पस्तीस-चाळीस दाखवतं, गाडीचा टायर साठ-पासष्ट, आणि सामान ढकलायच्या हातगाडीचं चाक नव्वदच्या वर.

पिस्ताला एकूण तेरा रबरं होती. चार दारांची चार, दारांच्या काचांच्या कडेची चार, पुढच्या त्रिकोणी खिडक्यांची दोन, पुढच्या आणि मागच्या मोठ्या काचांची दोन, डिकीचं एक. मी सगळ्यांवर मीटर लावलं. अकरा रबरं शहात्तर ते चौऱ्याऐंशीच्या मध्ये होती. चालकाच्या दाराचं खालच्या कोपऱ्यात तडकलं होतं, तिथे मीटर लावण्यात अर्थच नव्हता. आणि आत्ताच उघडलेल्या डाव्या मागच्या दाराचं रबर अठ्ठावन्न.

मी पुन्हा मोजलं. सत्तावन्न. पुन्हा, अठ्ठावन्न.

"मामा, ही चारी दारांची रबरं एकदमच बसवलेली ना?"

"एकाच दिशी. माझ्याच हातानं. मुंबईवरनं मागवलेली. आता त्या मॉडेलचं रबर कोन बनवत न्हाई." तो बाईंकडे वळला. "आणि दुसऱ्या गाडीचं आणून बशिवलं, तर एक तर दार लागायचं न्हाई, न्हाई तर फट ऱ्हायची. म्हंजे आहे त्येच नीट करायला पायजे."

आम्ही गाडीवर पाइपनं दहा मिनिटं पाणी मारलं. मग मी आतलं पाणी स्पंजनं टिपून बादलीत पिळलं आणि कॉलेजातून ढापलेल्या मोजपात्रानं मोजलं. दोन लिटर तीनशे चाळीस मिलिलिटर.

"दोन-अडीच लिटर म्हण की," मामा म्हणाला.

"दोन लिटर तीनशे चाळीस."

"तुझ्या आयशीनं तुला मोजूनच जेवाय घातलं असनार."

*

माझ्या डोक्यात सिलिकॉन ऑइल होतं. बिनरंगी, बिनवासाचं, मधासारखं घट्ट. मोल्डिंगवाले ते साच्याला लावायचे, म्हणजे रबर साच्याला चिकटत नाही. मी वाचलं होतं की ते रबराला फुगवत नाही, कुजवत नाही, उन्हानं उडून जात नाही. कडक झालेलं रबर त्यानं तरुण होत नाही. पण पृष्ठभाग पुन्हा निसटता होतो, दार लागताना रबर अडून दुमडण्याऐवजी सरकून आपल्या जागी बसतं. पाणी बहुतेक वेळा कडकपणामुळे येत नाही, दुमडल्यामुळे येतं, असा माझा अंदाज होता.

मामाला सांगितलं तर तो हसला.

"त्याल लावायचं तर आपलं डिझेल काय वाईट हाय? रोज लावतोय की."

हे खरं होतं. दुरुस्त झालेली प्रत्येक गाडी मामाच्या हातून निघण्याआधी धुतली जायची आणि मग मामा स्वतः, दुसऱ्या कुणाला न देता, डिझेलमध्ये बुडवलेलं फडकं तिच्या सगळ्या रबरांवरून फिरवायचा. रबरं काळीभोर, ओली चमकायची. माझ्या आजोबांनी गॅरेज काढलं तेव्हापासूनची ही रीत. "लेक सासरला निघाली की आपन वटी भरतो का न्हाई?" मामा गिऱ्हाइकाला सांगायचा. "तसं हाय ह्ये."

त्या फडक्याबद्दल शंका घ्यावी, हे मला त्या वेळी सुचलंही नव्हतं.

गुरुवारी मी मोल्डिंगच्या शेडमधून सिलिकॉनचा फवारा आणला आणि गॅरेजच्या मधोमध उभी राहून चालकाच्या दारावर छान, सढळ हातानं मारला. दोन मिनिटं हवेत बारीक धुकं तरंगलं. माझ्यामागे वीस फुटांवर इस्माईल मिस्त्रींची रंगाची खोली होती. त्या खोलीला मोल्डिंगच्या शेडच्या बाजूला एक खिडकी होती. तिच्या फटींत मिस्त्रींनी वर्तमानपत्राचे बोळे कोंबून वर चिकटपट्टी मारली होती. आठ महिने मी ती रोज पाहत होते. हजार गोष्टी विचारल्या असतील मी त्या गॅरेजात, पण ती खिडकी का बंद आहे हे कधी विचारलं नाही.

शुक्रवारी सकाळी मिस्त्रींची हाक आली. ओरडणं नव्हतं ते. हळू आवाजात नुसतं, "रंगराव. जरा या इकडं."

लाल रंगाच्या एका बॉनेटवर मुगाच्या डाळीएवढे गोल खड्डे पडले होते. मी मोजले. एकशे बारा. प्रत्येकाच्या तळाशी आतला करडा थर दिसत होता. मेणकापडावरून पाणी पळावं तसा रंग त्या त्या ठिकाणाहून पळाला होता.

"माशाचे डोळे," मिस्त्री म्हणाले. "तीस वर्षांत दोनदा बघितले. दोन्ही टायमाला त्या शेडमधनं हवा आली होती म्हनून. आज खिडकी बंद हाय. मग सिलिकॉन आत आलं कसं?"

मी सांगितलं. दुसरं काय करणार?

मामा मला लहानपणापासून 'शरू' म्हणायचा. त्या दिवशी पूर्ण नावानं बोलला.

"शर्वरी, ती बाटली उचल. हितं पुन्यांदा दिसली, तर बाटलीबी भाईर आणि तूबी भाईर."

इस्माईल मिस्त्रींनी तीन दिवस अख्खी खोली धुतली. भिंती, छत, स्वतःचे बूटसुद्धा. माझ्याशी ते बोलले नाहीत. पण मी जवळपास दिसले की दारातच थांबायचे, आणि मी लांब गेले की मग आत जायचे.

बाईंना मी फोन केला. सगळं सांगितलं, एकशे बाराचा आकडाही.

"गाडी माझ्या अंगणात आण," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे रंगवायला काही नाही, माझे केस सोडले तर."

*

बाईंचं घर साने गुरुजी वसाहतीच्या टोकाला. अंगणात शहाबादी फरशी, एक पेरू, एक नळ. फवारा मी मोल्डिंगवाल्यांना परत देऊन साधं तेल बाटलीत आणलं होतं. आता मारायचं नव्हतं, फडक्यानं पुसायचं होतं.

त्याआधी रबर स्वच्छ हवं. मी लाकडी कालथ्यानं सावकाश सोडवत चार दारांची आणि डिकीचं अशी पाच रबरं काढली. बाईंनी माळ्यावरून तांब्याचं घंगाळ काढून दिलं. त्यात साबणाचं पाणी, साठ अंशांवर, कॉलेजचा तापमापक लावून. एक एक रबर त्यात दहा मिनिटं बुडवायचं, म्हणजे माती सुटेल आणि पीळ पडलेलं रबर थोडं सैलही होईल. बाई स्टुलावर बसून घड्याळ बघत होत्या.

पहिलं रबर बुडवलं. चारेक मिनिटांत पाण्यावर काहीतरी चमकलं.

"शर्वरी, हे काय गं?"

पाण्यावर तवंग आला होता. पातळ, सप्तरंगी, कडेनं फिरत जाणारा. मी वाकून वास घेतला. बाईंनीही घेतला.

"हा तर रंगरावांच्या गॅरेजचा वास," त्या म्हणाल्या.

मी पाणी ओतलं, घंगाळ घासलं, नवं पाणी भरलं. दुसरं रबर. तवंग. पुन्हा घासलं. तिसरं. तवंग. डिकीचं. तवंग. पाचवं रबर डाव्या मागच्या दाराचं. दहा मिनिटं झाली, मी वीस मिनिटं थांबले. पाणी मातकट झालं, वर साबणाचा फेस होता. रंग एकही नव्हता.

मी खाली फरशीवर बसले.

डिझेल रबरात शिरतं. रबर फुगतं, काळं आणि टवटवीत दिसतं. मग डिझेल उडून जातं, पण जाताना रबराला मऊ ठेवणारं जे काही आत असतं ते थोडं थोडं काढून नेतं. एकदा पुसल्यानं काही होत नाही. बाईंची गाडी बारा वर्षांत किमान साठ वेळा मामाकडे आली होती. साठ वेळा मामानं प्रेमानं फडकं फिरवलं होतं. तेरापैकी बारा रबरांवर. तेरावं म्हशीनं बंद केलेल्या दाराआड होतं.

"कळलं का तुला काही?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं.

"मामाला सांगायचं?" मी म्हटलं. "माझ्यामुळे ते बॉनेट गेलं. आता मी कुठल्या तोंडानं..."

"गणित चुकलं असेल तर दाखवायलाच हवं," बाई म्हणाल्या. "फक्त सगळ्या वर्गासमोर नाही. मुलाला जवळ बोलवायचं, वही पुढे ठेवायची, आणि चूक त्यालाच सापडू द्यायची."

*

मंगळवारी संध्याकाळी गॅरेजमधली माणसं गेल्यावर मी मामाजवळ गेले. तो हात धूत होता.

"मामा, डोळे मिटा. हात पुढे करा."

"काय खेळ हाय?"

"मिटा की."

मी त्याच्या उजव्या हातात चालकाच्या दाराच्या तडकलेल्या रबराचा तुकडा दिला आणि डाव्या हातात डाव्या मागच्या दाराचं रबर. त्याची बोटं दोन्हींवरून फिरली. चाळीस वर्षं लोखंड-पत्रा चाचपलेली बोटं ती, त्यांना मीटर लागत नव्हतं.

"ह्ये जुनं," उजवा हात हलवत तो म्हणाला. "ह्ये नवं. कुठं मिळालं गं? ह्ये तर पिस्ताच्याच मापाचं दिसतंय."

"दोन्ही पिस्ताचीच. एकाच दिवशी बसवलेली. तुम्हीच."

त्यानं डोळे उघडले. डाव्या हाताकडे पाहिलं.

"ह्यो म्हशीचा दरवाजा."

"हो."

"बंद हुता म्हनून ऱ्हायलं आसंल. ऊन नसंल लागलं."

"ऊन बाकीच्या दारांच्या रबरालाही लागत नाही, मामा. गाडी शेडमध्ये असते, दारं मिटलेली असतात. मी सगळी गरम पाण्यात बुडवली. चारांवर डिझेल आलं. यावर नाही आलं." मी थांबले, आणि मग जे म्हणायचं होतं ते म्हटलं. "बारा वर्षं याला तुमचा हात लागला नाही."

खांद्यावरचं फडकं घेऊन त्यानं हात पुसले. मग त्या फडक्याकडे बघितलं, आणि ते पुन्हा खांद्यावर न टाकता टेबलावर ठेवलं.

"किती गाड्या झाल्या असतील गं माझ्या हातनं?"

"महिन्याला वीस धरल्या, तर चाळीस वर्षांत..."

"नगं," तो म्हणाला. "सांगू नगंस."

दिवा मालवून तो घरी गेला. माझ्यासाठी थांबला नाही.

बुधवारी सकाळी मी बाईंच्या अंगणात घंगाळ भरत होते, तेव्हा फाटक वाजलं. मामा सायकल टेकवून उभा. कॅरियरला वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी, वेटोळं करून सुतळीनं बांधलेलं.

"बाई," त्यानं चपला बाहेर काढल्या, जशा शाळेत काढायच्या असतात. "तुमच्या गाडीची रबरं मीच खाल्ली. डिझेलनं."

"हो, कळलं मला," बाई म्हणाल्या. "बसा. चहा घ्या. आमच्या शाळेत चुकलेला शब्द पाच वेळा शुद्ध लिहायला लावायचे. इथे रबरं पाच आहेत."

मामा हसला. शुक्रवारनंतर पहिल्यांदा. मग त्यानं सुतळी सोडली. वर्तमानपत्र सोळा वर्षांपूर्वीचं होतं. आत पांढऱ्या शंखजिऱ्याच्या पुडीत लोळवलेलं एक रबर.

"भंगारात निघालेल्या गाडीचं. त्याच मॉडेलचं, ड्रायव्हर साइडचं. कधीतरी कामाला येईल म्हनून माळ्यावर टाकलेलं. इसरून गेलतो. रातभर हुडकलं. ह्याला डिझेल लागलेलं न्हाई, दिवाबी दिसलेला न्हाई."

मीटर लावलं. त्रेसष्ट. कुठे तडा नव्हता.

"आता दाखव," मामा म्हणाला. त्यानं पिशवीतून नवं, पांढरं, सुती फडकं काढलं. "किती लावायचं?"

"थोडंसंच. लावायचं, तासभर ठेवायचं, मग कोरड्या फडक्यानं पुसून काढायचं. बोटाला तेल लागलं नाही पाहिजे, रबर सरकलं पाहिजे."

"चमकनार न्हाई मग?"

"नाही."

"बरं," तो म्हणाला आणि कामाला लागला.

चार दिवस आम्ही दोघं त्या अंगणात होतो. गरम पाणी, सुकवणं, तेल, पुसणं, पुन्हा तेल. काचांची रबरं जागेवरच, कापसाच्या बोळ्यानं. मग मामानं तेल न लावलेल्या पाठीला चिकटवायचं सोल्युशन लावून एक एक रबर आपल्या खोबणीत बसवलं, बिजागऱ्या ढिल्या करून दारं दोन दोन मिलिमीटर आत घेतली, म्हशीचा पोचा ठोकून काढला. रबरांचे आकडे फार उतरले नाहीत. चौऱ्याऐंशीचं अठ्ठ्याहत्तर झालं, शहात्तरचं एकाहत्तर. वय झालेलंच होतं. पण शनिवारी दुपारी मामानं चालकाचं दार लोटलं, नुसतं दोन बोटांनी, आणि ते 'टप्' असा एक बारीक, भरीव आवाज करून लागलं. आधी ते दोन्ही हातांनी आपटावं लागायचं.

बाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

"सदुसष्ट साली असाच आवाज होता," त्या म्हणाल्या.

*

रविवारी विश्वजित दहाच्या ठोक्याला आला. उंच, नम्र, आईची काळजी करून करून दमलेला माणूस. मालूताई आणि बाकीच्या दोघी ओट्यावर खुर्च्या टाकून बसल्या होत्या. एकीनं भडंगाचा डबा आणला होता. इस्माईल मिस्त्रीही आले. ते माझ्यापासून दहा फूट लांब, पेरूखाली उभे राहिले.

"हात धुतले का, बेटी?" त्यांनी तिथूनच विचारलं.

"तीनदा, चाचा."

"चारदा धू."

बाईंच्या एका जुन्या विद्यार्थ्याची गुजरीत सराफी होती. त्यानं सोन्याचा काटा दिला होता, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत दाखवणारा. मी तो ओसरीतल्या टेबलावर, काचेच्या पेटीत मांडला.

"हे कशाला?" विश्वजितनं विचारलं.

"करारात एक थेंब म्हटलंय," मी म्हटलं. "थेंब म्हणजे किती, ते ठरवायला हवं. तुम्ही सोडा."

त्याच्या हातात ड्रॉपर दिला. त्यानं वाटीत शंभर थेंब सोडले, बाईंसह चौघींनी मोठ्यानं मोजले, मालूताई त्र्याहत्तरावर अडखळल्या आणि तिघी त्यांना हसल्या. शंभर थेंब पाच ग्रॅम भरले. एक थेंब म्हणजे पाच शतांश ग्रॅम.

मग टीपकागद. चार दारांच्या खाली चार आणि पुढच्या काचेखाली एक. पाचही एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, तोंड बंद करून वजन केलं. विश्वजितनं आकडा वाचला आणि स्वतःच्या हातानं पाटीवर लिहिला: ७४.३८.

"दार उघडलं की टपावरचं पाणी आत पडणार," तो म्हणाला. "मग कागद भिजणारच."

"म्हणून मी आत बसणार," बाई म्हणाल्या. त्यांनी निळी इरकल नेसली होती आणि पर्स घेतली होती, जणू मंगळवारच होता. "दार उघडायच्या आधी मीच कागद गोळा करून पिशवीत बंद करीन. चिमट्यानं. ही मुलगी हात लावू देत नाही."

"आई, गुदमरशील."

"दहा मिनिटं? अरे, तुझ्या दहावीच्या निकालाला मी याहून जास्त वेळ श्वास धरला होता."

त्या आत बसल्या. मी कागद मांडले. मामानं चारी दारं लावली. टप्, टप्, टप्. चौथं डावं मागचं, ते सगळ्यांत हळू वाजलं.

विश्वजितनं पाइप धरला. त्यानं कसूर ठेवली नाही. टपावर मारलं, दारांच्या फटींवर मारलं, खालून वर मारलं, अंगठ्यानं तोंड दाबून धार केली आणि काचांच्या कडांवर एक एक करून मारली. तिसऱ्या मिनिटाला त्याचा शर्ट भिजला. पाचव्या मिनिटाला आतून वायपर सुरू झाला आणि काचेपलीकडे बाई दिसल्या, पाय वर घेऊन बसलेल्या, पर्समधला तो खोबणीतला खडू काढून बोटांत फिरवत. मालूताईंनी टाळी वाजवली. आठव्या मिनिटाला बाईंनी हॉर्न दिला.

मामा माझ्याशेजारी उभा होता. त्याच्या खांद्यावर ते पांढरं फडकं होतं. तो पाण्याकडे बघत नव्हता, दाराच्या खालच्या कडेकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते. काय मोजत होता कोण जाणे.

"वेळ झाली," मी म्हटलं.

नळ बंद झाला. अंगणात नुसता टपावरून ओघळणाऱ्या पाण्याचा आवाज. आत बाई वाकल्या, चिमट्यानं एक एक कागद उचलला, पाच, पिशवीत घातले, तोंड दाबून बंद केलं आणि पिशवी काचेला लावून दाखवली. मग दार उघडलं. इस्माईल मिस्त्री पेरूखालून पुढे आले आणि त्यांनी स्वतःच्या रुमालानं पिशवी बाहेरून कोरडी केली.

"पकड," त्यांनी ती माझ्या हातात दिली.

मी पिशवी काट्याच्या पारड्यात ठेवली आणि काचेची पेटी लावली. आकडे वर-खाली झाले. विश्वजित केसांतलं पाणी पुसत टेबलापाशी आला, मामा त्याच्यामागे, त्यांच्यामागे बाई. तिघी ओट्यावरून उठल्या. आकडे थांबले.

"वाचा," मी विश्वजितला म्हटलं.

त्यानं वाचलं, आणि पाटीवर आधीच्या आकड्याच्या खाली लिहिलं: ७४.४०. दोन शतांश, अर्धा थेंबही नाही.